शेजार ओळखणारी भूमिती

कोऱ्या कागदावर शंभर-दीडशे ठिपके कसेही टाका. रांगोळीच्या ठिपक्यांसारखे ओळीत नकोत. ताटातून तांदूळ सांडावेत तसे. मग घरातल्या एखाद्या लहान मुलाला विचारा, ‘या ठिपक्याच्या सगळ्यांत जवळचा ठिपका कोणता?’ ते क्षणात बोट ठेवील. ‘सगळ्यांत बाहेरच्या कडेचे कोणते?’ तेही दाखवील. आता हाच कागद संगणकाला दाखवायचा म्हटले, तर त्याच्यापाशी कागद नसतोच. त्याच्यापाशी असते आकड्यांच्या जोड्यांची यादी: पहिला ठिपका डाव्या कडेपासून इतका, खालच्या कडेपासून इतका, दुसरा अमुक, तिसरा तमुक. यादीत एकापाठोपाठ आलेले दोन ठिपके कागदावर दोन टोकांना असू शकतात. कोण कोणाचा शेजारी, हे यादीत कुठेच लिहिलेले नसते. ते शोधून काढावे लागते, आणि ठिपके शंभराऐवजी दहा लाख असतील तर ते कसे शोधायचे हाच मुळी मोठा प्रश्न होऊन बसतो.

संगणकीय भूमिती ही ज्ञानशाखा या अडचणीतून उभी राहिली. १९७५ मध्ये मायकेल शेमॉस आणि डॅन होई यांनी जवळच्या बिंदूंच्या प्रश्नांवर एक निबंध सादर केला, आणि १९७८ मध्ये येल विद्यापीठात शेमॉस यांचा प्रबंध झाला. त्या प्रबंधाचे नावच ‘संगणकीय भूमिती’ असे होते. म्हणजे शाखा माझ्याहून फार मोठी नाही. मराठीत तिच्याविषयी लिहिलेले माझ्या वाचनात फारसे आलेले नाही. मी या विषयाचा पदवीधर नव्हे. मूळ निबंध मिळवायचे, पेन्सिल घेऊन बसायचे आणि आकृती स्वतः काढून पाहायच्या, एवढीच माझी तयारी. अशा वाचनात एक नाव पुनःपुन्हा समोर येत राहिले: लिओनिडास गिबास. मूळचे ग्रीक असलेले हे संशोधक १९८४ पासून अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात आहेत. सिद्धतेच्या बळावर उभ्या राहिलेल्या भूमितीत त्यांनी हयात घालवली, आणि उत्तरायुष्यात ते उदाहरणांवरून शिकणाऱ्या यंत्रांकडे वळले. त्यांच्या कामाचा माग काढताना मला कुतूहल होते ते या वळणाचे. जाताना त्यांनी बरोबर काय नेले आणि मागे काय राहिले?

गिबास हे डोनाल्ड क्नूथ यांचे विद्यार्थी. संगणकाच्या कार्यपद्धतींना गणिताची शिस्त लावणारे म्हणून क्नूथ यांचे नाव या क्षेत्रात आदराने घेतात. १९७६ मध्ये पीएच. डी. झाल्यावर गिबास काही वर्षे उद्योगांच्या संशोधनशाळांत होते. झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत असताना, १९७८ मध्ये, रॉबर्ट सेजविक या आपल्या गुरुबंधूबरोबर त्यांनी जी रचना मांडली ती आज ‘रेड-ब्लॅक ट्री’ या नावाने संगणकशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकावी लागते. भराभर बदलणारी यादी नेहमी नीट क्रमात ठेवायची, आणि तिच्या झाडाची एक फांदी फार लांब व दुसरी खुरटी होऊ द्यायची नाही, यासाठी झाडाच्या गाठींना दोन रंग देण्याची ती युक्ती. लिनक्सच्या गाभ्यातही ती वापरलेली आहे. रंग लाल आणि काळाच का? सेजविक सांगतात, प्रयोगशाळेतल्या नव्या रंगीत छपाईयंत्रावर लाल रंग सर्वांत छान उमटायचा म्हणून. गिबास सांगतात, झाडे काढायला आमच्यापाशी लाल आणि काळी अशी दोनच पेने होती म्हणून. एका शोधाच्या दोन जनकांत नावावरून एवढीही एकवाक्यता नाही, हे मला फार आवडते.

पण त्यांच्या कामाचा गाभा समजून घ्यायचा तर त्या ठिपक्यांकडेच परत यावे लागते.

ठिपक्यांच्या जागी गावातल्या विहिरी आहेत असे समजू. प्रत्येक घर आपल्याला सर्वांत जवळच्या विहिरीवर पाणी भरते. मग प्रत्येक विहिरीचा एक इलाखा तयार होतो आणि साऱ्या गावाची सरळ रेषांच्या हद्दींनी वाटणी होते. युक्रेनमध्ये जन्मलेल्या गिओर्गी व्होरोनॉय या गणितज्ञाने १९०८ च्या सुमारास अशा वाटणीचा सखोल अभ्यास केला, म्हणून तिला व्होरोनॉय आकृती म्हणतात. आता ज्या दोन विहिरींच्या इलाख्यांची हद्द सामाईक आहे त्या दोन विहिरी रेषेने जोडा. सगळे गाव त्रिकोणांनी भरून जाते. हे त्रिकोणीकरण बोरिस डेलोने या रशियन गणितज्ञाच्या नावाने ओळखले जाते. त्याचा निबंध १९३४ चा. या त्रिकोणांचा एक देखणा गुण असा, की कुठल्याही त्रिकोणाच्या तिन्ही शिरोबिंदूंतून वर्तुळ काढले तर त्याच्या आत चौथा ठिपका सापडत नाही. आणि याच गुणातून दुसरा निघतो: ठिपके तेच ठेवून जितक्या प्रकारे त्रिकोण पाडता येतील, त्या सर्वांत या प्रकारातला सर्वांत लहान कोन सर्वाधिक मोठा असतो. साध्या भाषेत, सुईसारखे निमुळते त्रिकोण शक्य तितके टळतात. डोंगराची मोजलेली उंची ठिपक्या-ठिपक्यांवर माहीत असेल आणि पडद्यावर तो डोंगर उभा करायचा असेल, तर निमुळत्या त्रिकोणांमुळे उतारावर विचित्र ओरखडे दिसतात. त्यामुळे चित्रणाच्या धंद्यात डेलोनेला भाव आहे.

व्याख्या तर मिळाली. पण आकृती काढायची कशी? सरळधोपट उपाय असा: प्रत्येक तीन ठिपक्यांचे वर्तुळ काढा आणि बाकीचा प्रत्येक ठिपका आत येतो का ते पाहा. ठिपके एक हजार असतील तर तीन-तीनचे गट होतात १६ कोटी ६१ लाख ६७ हजार. प्रत्येक गटामागे ९९७ तपासण्या धरल्या तर साडेसोळा हजार कोटींहून जास्त. ठिपके दुप्पट केले की हे काम सुमारे सोळा पट होते. शेमॉस आणि होई यांनी दाखवले होते की चतुराईने हे काम ठिपक्यांच्या संख्येच्या जरा वरच्या प्रमाणात आटोपते. हजार ठिपक्यांना काही हजारांच्या पटीतले टप्पे पुरतात. पण ती चतुराई कागदावरून यंत्रात उतरवताना भल्याभल्यांची दमछाक होई. एक कड मोडली की तिच्या दोन्ही बाजूंचे त्रिकोण, त्यांच्या कडा, त्या कडांची टोके, सगळ्यांची नोंद बदलायची. त्यात एक जरी विसरली तर सगळी आकृती उसवते.

इथे १९८५ चा गिबास आणि ब्राझीलचे जॉर्जे स्टोल्फी यांचा निबंध येतो. माझ्या मते गिबास यांचे सर्वांत सुंदर काम तेच. त्यांनी नोंदीचा केंद्रबिंदू बदलला. ठिपक्याची नोंद नको, त्रिकोणाची नको. नोंद ठेवायची ती कडेची. शेताच्या बांधावर उभे राहिल्याची कल्पना करा. बांधाला दोन टोके असतात आणि दोन बाजूंना दोन शेते. या टोकाकडे तोंड करा किंवा त्या टोकाकडे. डावीकडच्या शेतातून उजवीकडच्यात उडी मारा किंवा उलट. अशा चारही दिशांनी बांधाला एकच प्रश्न विचारता येतो: इथून वळत गेलो तर पुढचा बांध कोणता? चार उत्तरे लिहून ठेवली की झाले. गंमत अशी, की टोकांभोवती फिरलात तर डेलोनेचे त्रिकोण मिळतात आणि शेतांभोवती फिरलात तर व्होरोनॉयचे इलाखे. दोन आकृत्या एकाच वहीत, एकीच्या नोंदीसाठी दुसरी मोडावी लागत नाही. आणि सगळी जोडतोड करायला क्रिया फक्त दोन: एक, नवी कड तयार करणे, दुसरी, दोन टोकांचे फेरे एकत्र सांधणे किंवा सुटे करणे.

मापनाचा भाग त्यांनी याहून बाजूला काढला, आणि त्यातही दोनच प्रश्न ठेवले. पहिल्या ठिपक्यावरून दुसऱ्याकडे जाऊन तिसऱ्याकडे वळताना वळण डावे की उजवे? आणि चौथा ठिपका पहिल्या तिघांच्या वर्तुळात आहे की बाहेर? दोन्हींची उत्तरे थोड्या बेरजा-गुणाकारांनंतर येणाऱ्या एका संख्येच्या चिन्हावरून कळतात. ती धन की ऋण एवढेच पाहायचे. बाकी सगळी रीत गोधडी शिवण्यासारखी आहे. ठिपक्यांचे डावे-उजवे दोन भाग करा, प्रत्येक भाग वेगळा जोडून घ्या (तोही असाच अर्धा अर्धा करून), आणि मग खालून वर टाके घालत दोन्ही तुकडे सांधा. मी ही शिवण वीस ठिपक्यांवर हाताने घालून पाहिली आहे. एक रविवार गेला, पण दर टाक्याला तो वर्तुळाचा प्रश्न विचारायचा आणि मिळेल त्या उत्तराने पुढे जायचे, यात मुद्रेत काढलेल्या रागासारखी एक निश्चिंती असते.

सात वर्षांनी, १९९२ मध्ये, गिबास, त्यांचे गुरू क्नूथ आणि इस्राएलचे मिका शरीर यांनी आणखी साधी वाट दाखवली. ठिपके फासे टाकल्यासारखे यादृच्छिक क्रमाने एकेक घ्या आणि आधीच्या आकृतीत बसवत जा. क्रम मुद्दाम वाईट निवडला तर काम हाताबाहेर जाते, पण नशिबावर सोडला तर सरासरीने ते तितकेच स्वस्त पडते, आणि ही सरासरी सिद्ध करता येते. नशिबाला कामाला लावण्याच्या या विचारात आपल्याकडचे एक नाव आहे: मुंबईच्या आयआयटीत शिकलेले केतन मुळमुळे. चित्रात पुढच्या वस्तूंमुळे मागच्या वस्तूंचे कोणते भाग झाकले जातात हे काढण्याची त्यांची यादृच्छिक रीत १९८९ ची, आणि १९९४ चे त्यांचे पाठ्यपुस्तक संगणकीय भूमिती सर्वस्वी याच अंगाने शिकवते.

आतापर्यंत सगळे सुरळीत. पण वर मी सहज म्हणून गेलो, की संख्या धन की ऋण एवढेच पाहायचे. संगणकाला ०.१ आणि ०.२ यांची बेरीज विचारा. बहुतेक भाषांत तो मनातल्या मनात ०.३०००००००००००००००४ असे उत्तर धरतो. व्यवहारात याने काही बिघडत नाही. भूमितीत बिघडते. ठिपका जवळजवळ वर्तुळाच्या रेषेवर असेल तर शेवटच्या अंकातली चूक धनाचे ऋण करते. मग एकदा ‘आत’ म्हटलेला ठिपका दुसऱ्या बाजूने विचारल्यावर ‘बाहेर’ निघतो, आणि दोन परस्परविरोधी साक्षींवर विसंबलेली रीत गोल गोल फिरत बसते. सिद्धता खोटी नसते. सिद्धतेतल्या संख्या आणि यंत्रातल्या संख्या वेगळ्या असतात. १९८९ मध्ये गिबास, स्टोल्फी आणि डेव्हिड सेलसिन यांनी यावर मांडणी केली. यंत्राने नुसते ‘होय’ म्हणू नये. ‘दिलेले ठिपके अमुक इतके हलवले तर नक्की होय’ असे म्हणावे. उत्तराबरोबर चुकीची मर्यादाही सांगावी. हा निबंध त्यांच्या इतर कामांइतका गाजला नाही. मला मात्र तो लक्षात ठेवण्याजोगा वाटतो, कारण पुढच्या वळणावर नेमकी हीच गोष्ट हातून निसटताना दिसते.

मधल्या काळातल्या दोन कामांना धावती भेट देऊ. ठिपके स्थिर नसून चालते असतील तर? दर क्षणाला आकृती नव्याने काढणे परवडत नाही. गिबास आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये सुचवलेला उपाय आपल्या कचेऱ्यांना शोभेल असा आहे: आजच्या आकृतीच्या खरेपणाचे दाखले जवळ ठेवायचे (‘हे वळण डावे आहे’, ‘हा ठिपका बाहेर आहे’), आणि ठिपक्यांची गती पाहून प्रत्येक दाखल्याची मुदत कधी संपते ते काढून ठेवायचे. मुदत संपेल तेवढाच दाखला बदलायचा. दुसरे काम चित्रांतल्या साम्याचे. एका चित्रातली रंगांची वाटणी म्हणजे मातीचे ढीग आणि दुसऱ्यातली म्हणजे खड्डे असे मानले, तर ढिगांनी खड्डे बुजवायला किती माती किती दूर वाहावी लागेल? तेवढे त्या दोन चित्रांतले अंतर. कल्पना गास्पार मोंझ या फ्रेंच गणितज्ञाची, १७८१ ची. रुब्नर, तोमासी आणि गिबास यांनी ती चित्रांच्या शोधासाठी वापरली.

प्रकाशाच्या कामाकडे मात्र असे धावत पाहता येत नाही. संगणकाने काढलेल्या चित्रात एका बिंदूचा रंग ठरवायचा, तर दिव्यापासून निघून भिंती-भांड्यांवर आपटत डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशाच्या सगळ्या वाटांची बेरीज करावी लागते. वाटा अगणित, म्हणून काही वाटा चिठ्ठ्या टाकून निवडायच्या आणि त्यावरून अंदाज बांधायचा. चिठ्ठ्या टाकण्याच्या दोन रीती आहेत. दिव्यावरचा एखादा बिंदू निवडून तिथला प्रकाश वस्तूपर्यंत येतो का ते पाहणे. किंवा वस्तूवरून प्रकाश जिकडे परावर्तित होईल ती दिशा निवडून तिकडे दिवा लागतो का ते पाहणे. दिवा पणतीएवढा आणि भिंत मातीची असेल तर पहिली रीत चांगली. दिवा ट्यूबलाइटसारखा मोठा आणि समोर घासून लख्ख केलेले ताट असेल तर दुसरी. चुकीची रीत वापरली की चित्रभर पांढरे दाणे उठतात. दोन्ही वापरून सरासरी काढली तर वाईट रीतीचे दाणे निम्म्याने उरतातच. गिबास यांचे विद्यार्थी एरिक व्हीच यांनी त्यांच्याबरोबर १९९५ मध्ये सांगितले, की वजन रीतीला देऊ नका, प्रत्येक वाटेला द्या. ही वाट सापडण्याची शक्यता या रीतीत किती आणि त्या रीतीत किती, त्या प्रमाणात तिच्या साक्षीला किंमत. हिशेब चार ओळींचा. पण दुसरी कुठलीही वजने याहून फारशी सरस ठरू शकत नाहीत हेही त्यांनी सिद्ध केले. चित्रपटांतली संगणकीय दृश्ये पुढे या पायावर उभी राहिली, आणि २०१४ मध्ये ऑस्करच्या अकादमीने व्हीच यांना तांत्रिक पुरस्कार दिला.

आता ते वळण. एकविसाव्या शतकात ठिपके पुन्हा आले, पण वेगळ्या वेषात. लेझर किरण फेकून अंतर मोजणारी उपकरणे रस्ता, झाड, खोली यांचे लाखो ठिपके क्षणात टिपू लागली. हा ठिपक्यांचा ढग. त्यावरून विचारले जाणारे प्रश्न मात्र ‘शेजारी कोण’ असे नव्हते. ‘ही खुर्ची आहे का’, ‘हा माणूस आहे का’ असे होते. खुर्चीची व्याख्या कोण करणार? तीन पायांची असते, पाय नसलेली असते, फिरती असते. व्याख्याच नसेल तर सिद्ध काय करायचे? २०१५ मध्ये गिबास यांच्या गटाने इतर विद्यापीठांबरोबर ‘शेपनेट’ हा संग्रह जाहीर केला. त्याच्या निवडक भागातच ५५ प्रकारच्या वस्तूंच्या सुमारे ५१,३०० त्रिमितीय प्रतिकृती होत्या. व्याख्येऐवजी उदाहरणे.

२०१७ मध्ये चार्ल्स ची, हाओ सू, काइचुन मो आणि गिबास यांचा ‘पॉइंटनेट’ आला. अडचण तीच, आपली पहिली: यादी. १,०२४ ठिपक्यांची यादी कुठल्याही क्रमाने लिहिली तरी खुर्ची तीच राहते, पण शिकणाऱ्या जाळ्याला प्रत्येक क्रम वेगळी वस्तू वाटतो. त्यांचा उपाय ऐकून हसू येते इतका सोपा आहे. प्रत्येक ठिपका एकेकटा एकाच चाळणीतून काढायचा. त्यातून त्याचे १,०२४ गुण मिळतात. मग दर गुणापुरता सगळ्या ठिपक्यांतला कमाल आकडा तेवढा ठेवायचा. वर्गातली मुले कोणत्याही क्रमाने उभी करा, सर्वांत उंच मुलाची उंची बदलत नाही, तसे. चाळणी कशी असावी हे मात्र उदाहरणांवरून शिकायचे. चाळीस प्रकारच्या वस्तूंच्या प्रचलित चाचणीत या रीतीने ८९.२ टक्के वस्तू बरोबर ओळखल्या.

भूमिती हरली, असे म्हणणारे म्हणोत. मला ते पटत नाही. याच निबंधात पुढे एक प्रमेय सिद्ध केलेले आहे: अशा जाळ्याचा निकाल ढगातल्या काही मोजक्या ठिपक्यांवरच ठरतो, ते जागेवर असतील तर बाकीचे गळाले तरी निकाल ढळत नाही. ते ठिपके वेगळे काढून दाखवले तर वस्तूचा सांगाडा दिसतो. शिकणाऱ्या यंत्रापाशी जाऊनही माणूस ‘हे का चालते’ हा प्रश्न बरोबर घेऊन गेला. पण ८९.२ हा आकडा आणि डेलोनेची सिद्धता या एका जातीच्या गोष्टी नव्हेत, हेही तितकेच खरे. १९८५ ची रीत चुकली तर कोणत्या टाक्याला चुकली ते मला पेन्सिलीने दाखवता येते. उरलेल्या १०.८ टक्क्यांबद्दल असे काही दाखवता येत नाही, आणि १९८९ च्या निबंधाने मागितली होती तशी चुकीची मर्यादा दर उत्तराबरोबर येत नाही. ओळखायची वस्तू खुर्ची असेल तर ठीक. पण असे लेझरचे ठिपके वाचत चालणाऱ्या गाड्या रस्त्यावर आल्या आहेत, आणि तिथे ठिपक्यांचा ढग म्हणजे रस्ता ओलांडणारा माणूस असतो.

त्याच वर्षी याच गटाने सुधारलेले जाळे मांडले. पहिल्यात प्रत्येक ठिपका एकेकटा पाहिला जाई, शेजाराचा पत्ताच नसे. त्यामुळे कपाचा कान किंवा टेबलाची नक्षी यांसारखे बारकावे सुटत. दुसऱ्यात आधी एकमेकांपासून शक्य तितके दूर असे काही ठिपके निवडतात, प्रत्येकाभोवती ठरावीक त्रिज्येतले शेजारी गोळा करतात, आणि चाळणी त्या शेजारावर लावतात. चाळणी उदाहरणांवरून शिकलेली असते. शेजारी शोधण्याचे काम मात्र यंत्राला शिकवलेले नाही. ते अजून अंतर मोजूनच होते.